लडाखचे रस्ते दरवर्षी का फुटतात? बीआरओ, सॅपर आणि तिकडचं बांधकाम

सह्यभटक
मंडळी, नुकताच मनालीहून लेहला गाडीने जाऊन आलो, फोटो वेगळ्या धाग्यात टाकतो, इथे विषय फक्त रस्त्याचा. अटल बोगद्यातून बाहेर पडेपर्यंत सगळं गुळगुळीत आणि पुढे बारालाचा खिंड उतरल्यावर मात्र असे काही पट्टे की वाटलं गाडीचं चेंबर आता हातात येतंय. एका ढाबेवाल्याने सांगितलं की साहेब इथे गेल्या वर्षीच नवं डांबर पडलंय. एका वर्षात ही अवस्था?? ज्या रस्त्यावरून सैन्याच्या गाड्या जातात, जो बीआरओ म्हणजे बॉर्डर रोड्स ऑर्गनायझेशन बांधते, ज्याचा पैसा थेट केंद्रातून येतो, त्याची ही कथा. माझा आपला सरळ आरोप आहे की हा टक्केवारीचाच मामला आहे, फक्त इथे वर सैन्याचा बोर्ड आहे म्हणून कोणी बोलत नाही. कोणी तिकडे काम केलेलं असेल तर सांगा, चूक असेन तर ऐकायची तयारी आहे.

चहा_कटिंग
वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रिटायर्ड_ओव्हरसियर
सह्यभटक, टक्केवारी कुठे नाही ते आधी मला दाखवा, पण तुमचा तो पट्टा टक्केवारीने नाही फुटला, पाण्याने फुटला. नोकरीची बरीच वर्षं ग्रेफमध्ये, म्हणजे बीआरओच्या बांधकाम दलात, तिकडेच काढली म्हणून सांगतो. लोकांना वाटतं तिकडचा शत्रू म्हणजे थंडी नाहीतर उंची. थंडीत माणूस चार कपडे जास्त घालतो, उंचीला आठवडाभरात सरावतो, पाण्याला मात्र काही इलाज चालत नाही.

नीट सांगतो. त्या खोऱ्यांमधली माती बऱ्याच ठिकाणी हिमनदीने दळून आणलेली बारीक गाळवट माती आहे. अशा मातीला खालून पाणी वर ओढून घ्यायची सवय असते. हिवाळ्यात गोठण वरून खाली जायला लागली की जिथे गोठतंय त्या पातळीला खालचं पाणी ओढलं जातं आणि तिथे बर्फाचे थर साचतात, एकावर एक. पुष्कळ शिकलेली माणसंसुद्धा म्हणतात की पाणी गोठलं की नऊ टक्के फुगतं म्हणून रस्ता फुटतो, पण नुसत्या नऊ टक्क्यांनी एवढं होत नाही, खरा घोळ त्या ओढून आणलेल्या जादा पाण्याचा आहे, त्याने रस्ता तव्यावरच्या भाकरीसारखा फुगून वर येतो. बरं तोपर्यंतही ठीक असतं कारण गोठलेला रस्ता दगडासारखा कडक असतो, वरून काहीही न्या. वाट लागते ती एप्रिल-मेमध्ये. ऊन वरून लागतं, वरचा हातभर थर वितळतो आणि खालचा अजून गोठलेलाच असतो, म्हणजे वितळलेल्या पाण्याला खाली जायला वाट नाही. वर डांबर, खाली बर्फ, मध्ये चिखल. आणि नेमकी तेव्हाच खिंड उघडल्यावर सैन्याच्या माल भरलेल्या गाड्यांची पहिली रांग लागते. एका दिवसात झालेलं नुकसान पुढे सगळा उन्हाळा निस्तरत बसायचं.

पुणेरी_पाटी
काका मस्त समजावलंत. पण मग उपाय माहीत असूनही करत का नाहीत?

रिटायर्ड_ओव्हरसियर
करतात की. ती गाळवट माती उकरून काढायची, तिच्या जागी धुतल्यासारखी स्वच्छ खडी-मुरूम भरायचा ज्यातून पाणी वर चढत नाही, आणि डोंगराच्या बाजूचं गटार चांगलं खोल ठेवायचं. पण ही खडी सगळीकडे मिळत नाही, क्रशर लावावा लागतो, टिप्परने लांबून आणावी लागते, आणि हे सगळं साधारण मे ते ऑक्टोबर या काळात. त्यातही सुरुवातीचे दिवस बर्फ हटवण्यात आणि वाहून गेलेले तुकडे जोडण्यात जातात आणि शेवटचे दिवस तापमानामुळे डांबराच्या कामाचे नसतात. हातात राहिले तीन-साडेतीन महिने आणि त्यातच रस्ता वाहतुकीला उघडाही ठेवायचा, कारण सैन्याचा हिवाळ्याचा अख्खा साठा, रॉकेल, रेशन, दारूगोळा, त्याच दिवसांत वर चढवायचा असतो. रस्ता बंद करून काम करायची चैन तिकडे नाही.

खिंडींवर तुम्हाला डांबराऐवजी काँक्रीटचे पेव्हर ब्लॉक दिसले असतील. अनेक जण हसतात की हे काय सोसायटीच्या आवारातलं. पण खालचा थर हलला तर ब्लॉक काढायचे, खाली सारखं करायचं, तेच ब्लॉक परत बसवायचे. डांबराचा प्लँट पेटवायला नको की काही नको. मला विचाराल तर तिकडे झालेलं ते सगळ्यात शहाणपणाचं काम आहे.

भोचक
एक बेसिक शंका. लडाख म्हणजे थंड वाळवंट ना? वर्षाला १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस शाळेत शिकलो होतो. मग एवढं पाणी येतं कुठून?

रिटायर्ड_ओव्हरसियर
वरून. हिमनद्या आणि साठलेला बर्फ. सकाळी सातला जो नाला बूट न भिजवता ओलांडता येतो तोच दुपारी तीनला टिप्पर अडवतो, कारण दिवसभर उन्हाने वितळलेलं पाणी खाली पोचायला तेवढा वेळ लागतो. पँगाँगच्या रस्त्यावरच्या एकाला लोकांनी पागल नालाच नाव दिलंय, उगाच नाही दिलं. आणि पाणी एकटं येत नाही, दगड घेऊन येतं. मैदानात आपण पाइप टाकून मोरी बांधतो तशी तिकडे बांधली तर एका दुपारीत दगडगोट्यांनी बुजते आणि मग पाणी रस्त्यावरून जातं आणि जाताना रस्ता घेऊन जातं. अशा बुजलेल्या मोरीवर गँग कामाला लावून पाहा, पाइपात एक माणूस पालथा शिरतो, पहारेने एकेक धोंडा सुटा करतो, बाहेरचे दोघं दोरीने घमेलं ओढतात, आणि वरून मेट, म्हणजे गँगचा मुकादम, सारखा नाल्याच्या वरच्या अंगाला बघत उभा, कारण पाणी वाढलं तर आतल्याला पाय धरून ओढायला दोन मिनिटंच मिळतात. म्हणून मग फरशी पूल करतात, पाणी वरून जाऊ दे, दगड वरून जाऊ दे, संध्याकाळी डोझरने साफ करू.

आणि पाऊस कमी म्हणता तर ऑगस्ट २०१० आठवा. लेहला ढगफुटी झाली त्यात माणसं गेली, रस्ते पूल सगळं गेलं. कमी पावसाच्या प्रदेशात डोंगरावर झाडझुडूप नसतं, पडलेला थेंब न थेंब थेट खाली येतो.

नकाशावेडा
काकांच्या पाण्याच्या मुद्द्याला मोठं उदाहरण देतो. दारबुक-श्योक-दौलत बेग ओल्डी रस्ता, साधारण २५५ किमी, गलवान प्रकरणात सगळ्यांना नाव माहीत झालं तोच. याचं काम २००० नंतर सुरू झालं आणि २०१२ पर्यंत संपायचं होतं. पण पहिली आखणी बरीचशी श्योक नदीच्या पात्रालगतच्या सपाटीवरून केली, कारण तिथे डोंगर फोडावा लागत नाही. दर उन्हाळ्यात श्योक फुगायची आणि केलेलं काम धुऊन न्यायची. शेवटी मोठा भाग नव्याने वरच्या अंगाने आखावा लागला, चौकशाही झाल्या. २०१९ मध्ये श्योकवर कर्नल चेवांग रिंचेन सेतू झाला, सुमारे १४०० फूट लांब, तेव्हा कुठे बारमाही वाहतुकीची खात्री आली. ज्यांच्या नावाने पूल आहे ते नुब्राचेच, दोन वेळा महावीर चक्र.

सह्यभटक
म्हणजे माझा आरोप बरोबरच ना! नदीच्या पात्रात रस्ता आखणारा इंजिनियर कोण?

नकाशावेडा
अरे पण नकाशा बघ एकदा. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला उभा सुटा डोंगर, घसारा. डोंगरात कापलं तर वर्षानुवर्षं दरड येत राहते, पात्रात घातलं तर उन्हाळ्यात पाणी. दोन्हीत वाईटच, त्यातलं झटपट होणारं वाईट त्यांनी निवडलं. त्यामागे घाई होती. चीनने अक्साई चीनमधून रस्ता १९५७ मध्ये पूर्ण केला, आपली बीआरओ स्थापन झाली मे १९६० मध्ये. तेव्हापासून आपण मागून धावतोय आणि मागून धावणाऱ्याची आखणी अशीच असते. चूक झाली हे मान्य, पण ती टक्केवारीची नाही.

काँक्रीटवाली
मी रस्त्यातली नाही, बिल्डिंग आणि पुलांतली आहे, पण थंडीत काँक्रीट करण्याबद्दल लिहिते कारण ओव्हरसियर काकांनी थंडीला फारच हलक्यात काढलंय :)

सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया ५ अंशांच्या खाली जवळजवळ झोपते. त्याहून वाईट म्हणजे ओलं काँक्रीट पहिल्या दिवसा-दोन दिवसांत गोठलं तर आतलं पाणी फुगून सगळी वीण उसवते, मग नंतर कितीही ऊन दाखवा ती ताकद परत येत नाही. ढोबळ नियम असा की साधारण ३.५ मेगापास्कल ताकद येईपर्यंत त्याला गोठू द्यायचं नाही. एवढ्यासाठी काय काय करावं लागतं बघा. पाणी गरम करायचं, कारण त्याच वजनाच्या खडीपेक्षा पाणी चार-पाच पट उष्णता धरतं, म्हणजे सगळ्यात स्वस्तात गरमी तिथून मिळते. पण उकळतं पाणी थेट सिमेंटवर ओतलंत तर ते मिक्सरमध्येच आवळतं, म्हणून आधी खडी-वाळू आणि गरम पाणी फिरवायचं आणि मग सिमेंट. खडीच्या ढिगावर ताडपत्री, कारण ढिगात बर्फाचे गोळे असतात आणि ते मिक्सरमध्ये दिसत नाहीत. मग ओतल्यावर वरून गोणपाट, प्लॅस्टिक, त्यावर ताडपत्रीचा तंबू आणि आत बुखारी (पत्र्याची शेगडी) पेटवून रात्रभर एक माणूस जागा. त्याच्याकडे थर्मामीटर आणि वही, दर तासाला आकडा. बुखारीच्या जवळचा कोपरा पंचवीस अंश आणि लांबचा कोपरा दोन अंश, हे इतकं कॉमन आहे की वहीतले सगळे आकडे सारखे दिसले की मला संशयच येतो.

आणि ते कॅल्शियम क्लोराइड टाकून लवकर सेट करायची ट्रिक सळई असलेल्या कामात कृपया कोणी करू नका. सळई गंजते.

रिटायर्ड_ओव्हरसियर
ताई, थंडीला हलक्यात काढलं नाही हो, बुखारीवाली ड्युटी मीही केलीय. तुमच्या त्या "सगळे आकडे सारखे" वाल्या वह्या पाहिल्यात, सह्या करायला माझ्यासमोरच यायच्या.

डिझेलदादा
मशिनरीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. साधं, टर्बो नसलेलं इंजिन तिकडे जवळपास निम्मी ताकद घालवून बसतं, म्हणजे तुम्ही पुस्तकातल्या क्षमतेवर हिशोब करून एक डोझर पाठवलात तर प्रत्यक्षात अर्धाच डोझर पोचला समजा. कंप्रेसरचंही तेच, सुरुंगाची भोकं पाडायला ड्रिलला जी हवा लागते ती पातळ हवा दाबून तेवढी मिळतच नाही, भोकाला वेळ दुप्पट. आणि डिझेल घट्ट होतं. पूर्वी टाकीखाली शेगडी, चिंध्या पेटवून वगैरे प्रकार चालायचे, आता इंडियन ऑइलने २०१९ पासून लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल आणलंय, त्याने बराच फरक पडला. पण हायड्रॉलिक तेल, बॅटरी, रबराचे होज यांचं दुखणं आहेच. पोकलेनचा होज पहाटे काचेसारखा कडक असतो, ऑपरेटरने घाईत बूम उचलला की फुटलाच. अनुभवी ऑपरेटर अर्धा तास नुसतं इंजिन चालू ठेवून चहा पीत बसतो, आणि नवीन साहेब आला की त्याला वाटतं हा कामचुकार आहे.

खडकीकर
धागा सैन्याच्या बांधकामाचा आणि अजून कोणी सॅपर्सचं, म्हणजे सैन्याच्या इंजिनियर तुकड्यांचं, नाव घेतलं नाही? आमच्या खडकीत बॉम्बे सॅपर्सचं केंद्र, शेजारी दापोडीला सैन्याचं इंजिनियरिंग कॉलेज सीएमई, लहानपण त्या भिंतींच्या कडेने गेलं.

सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडियाचे. एप्रिल १९४८, नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते आणि वाटेत सुरुंग, तोडलेली झाडं, उडवलेले पूल. जखमी असताना सलग तीन-चार दिवस वरून गोळीबार चालू असताना वाट मोकळी करत गेले, परमवीर चक्र जिवंतपणी घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जोजिला खिंडीवर ७ कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे चढवले, त्यासाठी बालटालपासूनची खेचरांची वाट मद्रास सॅपर्सनी रुंद केली होती, साडेअकरा हजार फुटांवर रणगाडा येईल असं समोरच्यांच्या स्वप्नातही नव्हतं. आणि त्याच्या आधी मे महिन्यात लेहला पहिलं डाकोटा विमान उतरलं, एअर कमोडोर मेहर सिंग चालवत होते, शेजारी जनरल थिमय्या. ती धावपट्टी सोनम नोर्बू नावाच्या लडाखी इंजिनियरने गावकऱ्यांच्या मदतीने काही आठवड्यांत केली. लेह त्या पट्टीमुळे वाचलं असं म्हटलं तर फार वावगं होणार नाही.

चहा_कटिंग
राणेंवर वेगळा धागा काढा की राव, इथे दोन ओळीत संपवू नका. पण कृपया १९४८ वरून युनोत जाऊ नका, धाग्याचा काश्मीर होईल. शब्दशः.

बुलेटराजा
ते सगळं ठीक पण खारदुंगला खिंड म्हणजे जगातला सगळ्यात उंच रस्ता, १८३८० फूट, पाटीसमोर फोटो काढलाय मी. रस्ता वाईट आहे म्हणणाऱ्यांनी आधी तेवढ्या उंचीवर बुलेट चालवून दाखवावी.

नकाशावेडा
बुलेटराजा, पाटी तशी आहे पण जीपीएसने खारदुंगला ५३५९ मीटर भरतो, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या जरा वर. आणि उंच म्हणाल तर बीआरओनेच उमलिंगलावर १९०२४ फुटांवर डांबरी रस्ता नेला, २०२१ मध्ये गिनीजची नोंद झाली. खारदुंगलाचं खरं कौतुक वेगळं आहे, सियाचिनकडे जाणारा माल त्यावरून वर्षभर जातो.

बुलेटराजा
फोटोतली पाटी मी बदलणार नाही.

सह्यभटक
बरं, पाणी हा मुद्दा पटतोय. मग सरळ सगळीकडे बोगदे का नाही करत? अटलने मनाली-लेह ४६ किमीने कमी केलं, रोहतांगचा ताप गेला. सोनमर्गचा साडेसहा किमीचा जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाला, जोजिलाचा तेरा किमीचा चालू आहे, शिंकुलाचं काम जुलै २०२४ मध्ये सुरू झालं. बोगद्यात बर्फ नाही, नाला नाही.

काँक्रीटवाली
नाला नाही? अटल बोगद्याला उशीर नाल्यानेच केला हो. ९.०२ किमीच्या बोगद्यात सेरी नाल्याखालचा भेगाळ खडकाचा ५८७ मीटरचा पट्टा लागला, वरून नाल्याचं पाणी आणि गाळ सरळ आत यायला लागला आणि तेवढ्या तुकड्याला जवळपास चार वर्षं गेली. २०१० ला पायाभरणी, २०१७ ला आरपार, २०२० ला उद्घाटन. हिमालय तरुण डोंगर आहे, आत काय निघेल ते खोदल्याशिवाय कळत नाही, आणि वर दीड-दोन किलोमीटर डोंगर असेल तर वरून बोअर मारून बघणंही अवघड.

रिटायर्ड_ओव्हरसियर
मी बोगद्यांच्या विरुद्ध नाही, जोजिलाचा झालाच पाहिजे. पण दोन गोष्टी. एक म्हणजे बोगद्याचं तोंड. तुम्ही खिंड टाळली पण तोंडापर्यंतचा रस्ता हिमकड्यांच्या खालूनच जातो, तिथे घसरणारा बर्फ अडवायला कॅच डॅम, वरून छत, हे सगळं आलंच, आणि त्याला बजेट मागताना कोणाला उत्साह नसतो कारण त्याचं उद्घाटन होत नाही. दुसरं म्हणजे जुनी खिंड सोडून देता येत नाही. स्फोटकं आणि पेट्रोल-डिझेल वाहून नेणाऱ्या गाड्यांना बोगद्यात नियम असतात, आणि सैन्याला एकच वाट कधीच पुरत नाही, म्हणून तर मनाली-लेह आणि श्रीनगर-लेह असताना निम्मू-पदम-दारचाचा तिसरा रस्ता मार्च २०२४ मध्ये जोडला. म्हणजे बोगदा झाला तरी वरच्या गँगा राहणारच.

आणि नुसत्या बर्फ हटवण्यानेही किती होतं ते बघा. जोजिला पूर्वी पाच-सहा महिने बंद असायचा. २०२३ ला ६८ दिवस, २०२४ ला ३५, २०२५ ला ३२ दिवस. बोगदा अजून झालेला नसताना. यंत्रं चांगली आली, दोन्ही बाजूंनी एकदम कापत आले.

दुर्वा_के
इतका वेळ इंजिनियर, यंत्रं, बोगदे. कामगारांबद्दल एक ओळ नाही म्हणून लिहिते. झारखंडच्या दुमका भागातून संथाळ लोक कित्येक वर्षं तिकडे कामाला जातात. जून २०२० मध्ये तणाव वाढल्यावर त्यांना न्यायला दुमक्याहून खास रेल्वे सोडावी लागली, तेव्हा पेपरवाल्यांना कळलं की रस्ता नेमकं कोण बांधतं. मधल्या मुकादमाने पैसे कापणं, एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवणं या तक्रारी तेव्हा झारखंड सरकारनेच मांडल्या होत्या. सह्यभटक यांना टक्केवारी शोधायची असेल तर ती तिथे शोधा.

रिटायर्ड_ओव्हरसियर
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही, बरोबर आहे तुमचं. डांबराची पिंपं पेटवणारा माणूस धुरात दिवसभर उभा असतो, त्याच्या अंगावरचं जॅकेट मागच्या वर्षीच्या कोणाचं तरी असतं. आता बूट-कपडे बरेच बरे मिळतात पण हंगामी तो हंगामीच. पहिले काही दिवस सरावासाठी काम न देता बसवायचं असतं, त्या दिवसांची मजुरी कापणारे महाभाग मी पाहिलेत, भांडलोयही.

सिव्हिल_२०२७
काका, मी पुण्यातच सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. हे वाचून जावंसं वाटतंय. बीआरओत जायचं तर काय करायचं? सैन्यात भरती व्हावं लागतं का?

रिटायर्ड_ओव्हरसियर
दोन वाटा आहेत. सैन्यात इंजिनियर्समध्ये अधिकारी झालास तर मधल्या काळात बीआरओत पोस्टिंग येऊ शकतं. नाहीतर ग्रेफ, ते वेगळं केडर आहे, बीआरओत दोन्हीकडची माणसं एकत्र काम करतात. अधिकारी म्हणून यायचं तर यूपीएससीची इंजिनियरिंग सर्व्हिसेस परीक्षा, जेई म्हणजे ज्युनियर इंजिनियर म्हणून यायचं तर एसएससीची (स्टाफ सिलेक्शन कमिशनची) जेई परीक्षा. बाकी पदांची भरती ग्रेफ सेंटर करतं आणि ते तुझ्या गावातच आहे, दिघी कॅम्पला. मेडिकल कडक असतं, चष्मा, बीपी आधी तपासून घे. मुलाखतीत "साहसाची आवड" वगैरे सांगू नकोस, सगळे तेच सांगतात. माती वाचायला शीक, सॉइल मेकॅनिक्सचं पुस्तक विकू नकोस.

सिव्हिल_२०२७
विकलं होतं काका, ज्युनियरकडून परत मागून आणतो.

दुर्वा_के
आणि जेईच्या जाहिरातीत बीआरओची पदं फक्त पुरुषांसाठी असतात हेही त्या मुलाच्या वर्गातल्या मुलींना सांगा, म्हणजे फॉर्म भरताना पसंतीक्रम वाया जाणार नाही. काँक्रीटवाली ताई, यावर तुम्ही लिहा काहीतरी.

काँक्रीटवाली
लिहिते, पण वेगळा धागा लागेल. अधिकारी म्हणून मात्र बायका तिकडे आहेत आणि बीआरओच्या रोड कन्स्ट्रक्शन कंपन्या म्हणजे तुकड्या सांभाळतायत, त्यापासून सुरुवात करेन. रविवारी टाकते.